धर्मादाय रुग्णालयांचे विश्वस्त कोण?

सार्वजनिक संस्था काढू इच्छिणाऱ्यांकडे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने एक साधा तपशील मागितला आहे. संस्थेचा कारभार ज्यांच्या हाती सोपवावयाचा, त्यांची नावे, त्यांचे पत्ते आणि त्यांचे व्यवसाय नोंदणीपत्रकात लिहून द्यावे लागतात. एकदा लिहून दिले म्हणजे संपले, असेही नाही. वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांच्या आत हीच यादी पुन्हा निबंधकाकडे दाखल करावी, असे त्या कायद्याचे चौथे कलम सांगते. महाराष्ट्रातील अनेक शिक्षणसंस्था व आरोग्यसंस्था या कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. त्यामुळे व्यवसायाचा तो रकाना आपल्याकडे दीडशेहून अधिक वर्षे भरला जात आहे. परंतु तो वाचतो कोण? ‘व्यापार’, ‘शेती’, ‘नोकरी’, ‘निवृत्त’, ‘समाजसेवा’ असा एकेक शब्द लिहिला की कारकुनाचे काम भागते आणि संस्थेचेही. वास्तविक रुग्णालय चालविणाऱ्या संस्थेच्या बाबतीत या एका रकान्यात त्या संस्थेचे पुढील पंचवीस वर्षांचे भवितव्य लिहिलेले असते.

हा प्रश्न मावळ तालुक्याला विशेष लागू पडतो. २०११ च्या जनगणनेनुसार लोणावळा शहराची लोकसंख्या ५७ हजारांच्या वर होती आणि सबंध तालुक्याची पावणेचार लाखांच्या घरात. तालुक्याच्या मध्यातून लोहमार्ग, जुना हमरस्ता आणि द्रुतगती मार्ग गेला आहे; तळेगावच्या परिसरात कारखाने उभे राहिले आहेत; शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी घाटमाथ्यावर लोटते. मात्र आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांच्या टोकाच्या वाड्यांवरून आजारी माणसाला रस्त्यापर्यंत आणणे, हेच आजही पहिले संकट असते. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळला, चौघांचे प्राण गेले आणि अनेक जखमींना तळेगाव परिसरातील रुग्णालयांत हलवावे लागले. अशा घटकेला जवळच्या रुग्णालयाचे दार कोणासाठी, किती लवकर आणि कोणत्या अटीवर उघडते, हे डॉक्टरांच्या कौशल्याइतकेच त्या रुग्णालयाच्या धोरणावर अवलंबून असते. आणि धोरण ठरविणारे असतात विश्वस्त.

पैसा फंडाचा धडा

सार्वजनिक पैशातून संस्था उभी करण्याचा अनुभव या भूमीला नवा नाही. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर जाऊन माणशी एक पैसा गोळा केला आणि लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव येथे काच कारखाना उभा राहिला. या उद्योगाची एक बाजू आपण अभिमानाने सांगतो, ती लोकवर्गणीची. दुसरी बाजू मात्र विसरतो. काळे यांच्यापाशी लोकांचा विश्वास होता, काचेचे ज्ञान नव्हते. म्हणून परदेशात काचेचे शास्त्र शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांना तेथे आणण्यात आले. निधी जमविणारा एक, भट्टी जाणणारा दुसरा आणि दोघांकडेही डोळे लावून बसलेले हजारो वर्गणीदार. सार्वजनिक संस्थेला लागणाऱ्या तीन गोष्टी येथे एकत्र दिसतात: विश्वास, जाण आणि जाब. कोणत्याही विश्वस्त मंडळाची परीक्षा याच तीन कसोट्यांवर घेतली पाहिजे.

संस्थापकाचा मूळ व्यवसाय पाहूनच संस्थेचे मोल ठरते, असे मात्र कोणी समजू नये. लोणावळ्याचे कैवल्यधाम हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९२४ मध्ये ते स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे हे डॉक्टर नव्हते. ते संस्कृतचे व्यासंगी आणि पेशाने शिक्षक होते. अमळनेरला त्यांनी अध्यापन केले, तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. तथापि योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे श्रद्धेने सांगण्यापेक्षा यंत्राने मोजून पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी आरंभीचे प्रयोग केले आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढून त्यांचे निष्कर्ष जगापुढे तपासणीसाठी ठेवले. पुढे या संस्थेशी यौगिक उपचारांचे रुग्णालय जोडले गेले. म्हणजे एका शिक्षकाने आरोग्यसंस्था काढली. परंतु ज्या विषयात आपण तज्ज्ञ नाही, त्यात तज्ज्ञांच्या पद्धतीपुढे नम्र होण्याची तयारी त्याने ठेवली. याच लोणावळ्यातील महाविद्यालयाला डॉक्टर बी. एन. पुरंदरे या स्त्रीरोगतज्ज्ञांचे नाव आहे, हाही एक बोलका योग म्हटला पाहिजे.

तळेगावात आणखी एक उदाहरण आहे. तेथील वैद्यकीय महाविद्यालय १९९५ मध्ये सुरू झाले आणि त्याला जोडलेले रुग्णालय डॉक्टर भाऊसाहेब सरदेसाई यांच्या नावाने ओळखले जाते. हे महाविद्यालय चालविणाऱ्या संस्थेच्या नावातच अभियांत्रिकी हा शब्द आहे. तिचे संस्थापक डॉक्टर विश्वनाथ कराड हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात अध्यापक होते. वरोऱ्याला १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन करणारे बाबा आमटे पेशाने वकील. कुष्ठरोगाचे शिक्षण घेण्यासाठी ते मुद्दाम कलकत्त्याला गेले. उलट १९७० मध्ये जामखेडला आलेले डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे हे दांपत्य उच्चशिक्षित वैद्यक व्यावसायिक. परंतु खेड्याचे आरोग्य केवळ डॉक्टरांच्या हाती ठेवून सुधारत नाही, हे ओळखून त्यांनी अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका बनविले. शिक्षक, वकील, अभियंता, डॉक्टर. पेशे वेगवेगळे, पण यशाचे मर्म पुष्कळसे एकच. आपल्या पेशाची मर्यादा ओळखून दुसऱ्याला शेजारी बसविण्याची वृत्ती, हे ते मर्म.

संस्थापकानंतर काय?

खरी अडचण सुरू होते ती संस्थापकानंतर. संस्थापकाची तळमळ असते तोवर ती नियमांची उणीव भरून काढते. तो गेल्यावर मंडळात जागा रिकाम्या होतात आणि त्या भरताना सोयीचा मार्ग धरला जातो. एखादा देणगीदार, त्याचा पुत्र, त्याचे सनदी लेखापाल, संस्थेचे वकील, गावातील एखादे प्रतिष्ठित बांधकाम व्यावसायिक, एखादा निवृत्त अधिकारी आणि शोभेपुरता एखादा डॉक्टर, असे मंडळाचे स्वरूप हळूहळू होत जाते. यातला प्रत्येक जण स्वतःच्या जागी उपयुक्त असू शकतो. कोणत्याही एका संस्थेवर ठपका ठेवण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न आहे तो या मिश्रणाचा.

उद्योजक विश्वस्त निधी आणतो, खरेदीतील उधळपट्टी ओळखतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केल्यापासून तर त्याचे महत्त्व अधिकच वाढले आहे. परंतु रिकामी खाट म्हणजे तोटा, अशी त्याच्या पेशाची शिकवण असते. धर्मादाय रुग्णालयात मात्र काही खाटा उत्पन्नाचा विचार न करता राखून ठेवाव्या लागतात. सनदी लेखापाल हिशेब चोख ठेवतो. पण ताळेबंद जुळला म्हणजे उद्दिष्ट साधले, असे नव्हे. वकील संस्थेला खटल्यांतून वाचवितो. परंतु कायद्याचे किमान पालन कसे करावे, हे सांगणारा आणि कायद्याचा हेतू कसा पुरा करावा, हे सांगणारा, असे दोन प्रकारचे सल्लागार असतात. डॉक्टर विश्वस्ताला उपचारांचा दर्जा कळतो, अनावश्यक तपासण्या कळतात. तथापि त्याचाच खासगी दवाखाना किंवा तपासणी केंद्र शेजारी असेल, तर रुग्ण कोणीकडून कोणीकडे पाठविले जातात, हा प्रश्न विचारणे कोणालाच सोयीचे वाटत नाही.

बांधकाम व्यावसायिकाचा विचार मावळात स्वतंत्रपणे करावा लागतो. जुन्या संस्थांना जमिनी मिळाल्या, त्या काळात हवापालटाचे गाव एवढीच लोणावळ्याची ओळख होती. आज तेथील आणि तळेगाव परिसरातील जमिनींचे भाव सामान्य माणसाच्या कल्पनेपलीकडे गेले आहेत. रुग्णालय तोट्यात आणि त्याखालची जमीन मात्र सोन्याच्या भावाची, अशा स्थितीत जमिनीचा काही भाग विकासाला देऊन संस्था वाचवावी, अशी सूचना मंडळापुढे येणे स्वाभाविक आहे. ती प्रामाणिकही असू शकेल. म्हणूनच कायद्याच्या छत्तिसाव्या कलमाने स्थावर मिळकतीची विक्री, अदलाबदल किंवा देणगी यांसाठी, तसेच शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली आहे. परंतु परवानगीचा अर्ज आयुक्तांकडे जाण्यापूर्वीच मंडळाच्या बैठकीत निर्णय झालेला असतो. त्या बैठकीत जमिनीच्या व्यवहाराशी संबंध असलेला विश्वस्त हजर होता काय, त्याने मत दिले काय, याची नोंद इतिवृत्तात स्पष्टपणे झाली पाहिजे.

कायदा आहे, पण पाहणारा कोण?

धर्मादाय रुग्णालयांवर समाजाचा हक्क आहे, हे तत्त्व महाराष्ट्रात केवळ नैतिक राहिलेले नाही. १९८५ मध्ये कायद्यात कलम ४१ कक घालण्यात आले आणि त्यान्वये दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवण्याचा दंडक झाला. तो कागदावरच राहतो, अशा तक्रारी झाल्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये सविस्तर योजना मंजूर केली. एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी, तातडीच्या प्रसंगी रुग्णाला दाखल करून प्राण वाचविण्यासाठी आवश्यक ते उपचार आधी करावेत, असे तिच्यात आहे. अशी योजना असताना रुग्णाच्या नातेवाइकांना वशिल्याच्या चिठ्ठ्या शोधत का फिरावे लागते?

एप्रिल २०२५ मध्ये पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयासंबंधी एका गर्भवती स्त्रीच्या मृत्यूनंतर जो लोकक्षोभ उसळला, त्याच्या मुळाशी अनामत रकमेच्या मागणीचा आरोप होता. तातडीच्या रुग्णांकडून अनामत घ्यावयाची नाही, असा निर्णय त्यानंतर रुग्णालयाने जाहीर केला. त्या दिवसांत चर्चा झाली ती बहुतांशी डॉक्टरांच्या वर्तनाची आणि प्रशासनाच्या पत्रकांची. पण अनामत घ्यावी की घेऊ नये, हा मुळात वैद्यकीय प्रश्न नव्हे. तो धोरणाचा प्रश्न आहे. असे धोरण कोणत्याही रुग्णालयात ठरते तेव्हा त्या टेबलाभोवती कोण बसलेले असतात आणि ज्याला रात्री दोन वाजता अनामत भरण्याची धास्ती ठाऊक आहे, असा एक तरी माणूस त्यांत असतो काय, हे विचारण्याची सवय आपल्याला लागलेली नाही.

मावळच्या इतिहासात या प्रश्नाला कडवट पार्श्वभूमी आहे. लोणावळा, वळवण, शिरवटा येथील धरणांच्या पाण्यावर १९१५ पासून खोपोलीला वीज तयार होऊ लागली आणि मुंबईच्या गिरण्या चालल्या. जमीन आणि पाणी मावळचे, निर्णय अन्यत्र. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना जलवाहिनीच्या विरोधातील आंदोलनात बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तिघांचे प्राण गेले. ज्यांना निर्णयाचे परिणाम भोगावे लागतात त्यांना निर्णयात जागा नसणे, ही या तालुक्याची जुनी व्यथा आहे. आरोग्यसंस्थांनी निदान ती पुढे चालवू नये.

मोकळी राहिलेली खुर्ची

व्यवसायाच्या रकान्यात काय आहे याइतकेच काय नाही, हेही पाहिले पाहिजे. ज्यांच्या हातून रुग्णाची सर्वाधिक सेवा होते त्या परिचारिका विश्वस्त मंडळात किती वेळा दिसतात? ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाल्यापासून घरोघर जाऊन गरोदर स्त्रिया व तान्ह्या मुलांची नोंद ठेवणाऱ्या ‘आशा’ कार्यकर्तींना खोऱ्यातील प्रत्येक वाडीची दुखणी माहीत आहेत. पण त्यांचे ज्ञान अहवालाच्या तक्त्यात जाते, धोरणाच्या चर्चेत नाही. प्राथमिक शिक्षकाला कोणत्या मुलाच्या घरी क्षय आहे हे कळते. कातकरी व ठाकर वस्त्यांवरील एखाद्या जाणत्या माणसाला रुग्णालयाची पायरी लोक का टाळतात, ते सांगता येईल. हे सारे व्यवसाय त्या रकान्यात लिहिता येण्याजोगे आहेत. लिहिले मात्र जात नाहीत.

हा विचार स्वप्नाळू आहे, असे कोणी म्हणेल. ताळेबंद वाचता न येणाऱ्यांना मंडळावर घेऊन कोट्यवधींचा कारभार कसा चालणार? शंका रास्त आहे, पण तिचे उत्तरही अनुभवाने दिले आहे. अमेरिकेत १९६५ पासून गरीब वस्त्यांमधून जी सामुदायिक आरोग्य केंद्रे उभी राहिली, त्यांना सरकारी अनुदान हवे असल्यास नियामक मंडळातील निम्म्याहून अधिक सभासद त्याच केंद्रात उपचार घेणारे असावे लागतात. जेथे खासगी वैद्यकसेवेचा एवढा बोलबाला आहे, त्या देशात ही अट टिकली आहे. आपल्याकडील सरकारी रुग्णालयांच्या रुग्ण कल्याण समित्यांतही लोकप्रतिनिधी व स्थानिक नागरिकांना जागा असते. त्या समित्या कितपत जाग्या आहेत हा प्रश्न वेगळा; पण तत्त्व मान्य झालेले आहे. ताळेबंद समजावून सांगण्यासाठी लेखापाल मंडळावर असतोच. अनामतीची धास्ती समजावून सांगणारा मात्र नसतो.

दुसरा आक्षेप असा की, फार चौकशा केल्या तर दाते मागे सरतील. परंतु ज्याला आपल्या दानाचा विनियोग नीट व्हावा असे वाटते, तो दाता चौकशीला भीत नाही. देणगी देऊन संस्थेवर कायमचे स्वामित्व मिळवू पाहणारा दाता मागे सरला, तर त्याबद्दल खेद कशाला करावा? २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने कायद्यात दुरुस्ती करून, न्यासपत्रात वेगळी तरतूद नसल्यास आजीव विश्वस्तांची संख्या मंडळाच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असू नये, अशी मर्यादा घातली. खुर्ची तहहयात नसावी, एवढे तरी आता शासनाला पटले आहे. त्या मोकळ्या होणाऱ्या खुर्चीवर कोणी बसावे, याचा विचार पुढची पायरी ठरेल.

यासाठी नव्या मोठ्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. धर्मादाय रुग्णालयांनी आपल्या विश्वस्तांची नावे, व्यवसाय, नेमणुकीचे वर्ष आणि मुदत दर्शनी भागात, राखीव खाटांच्या फलकाशेजारी लावावी. व्यवसाय लिहिताना ‘समाजसेवा’सारखा निराकार शब्द न वापरता प्रत्यक्ष उपजीविकेचे साधन लिहावे. रुग्णालयाशी औषधपुरवठा, तपासण्या, बांधकाम, जमीन यांपैकी कोणत्याही बाबतीत विश्वस्ताचा अथवा त्याच्या कुटुंबीयांचा संबंध असेल, तर तो दरवर्षी जाहीर करावा आणि त्या विषयावरील चर्चेतून त्याने उठून जावे. घटनेत दुरुस्ती करून एक जागा परिचारिकेसाठी, एक जागा तालुक्यात काम करणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीसाठी आणि एक जागा गेल्या काही वर्षांत तेथे सवलतीने उपचार घेतलेल्या रुग्णासाठी ठेवावी. निर्धन रुग्ण निधीत किती जमा झाले व किती खर्च पडले, हा आकडा वार्षिक सभेत वाचून दाखवावा.

यांतले काही संस्था स्वतःहून करतील, काही करणार नाहीत. जेथे होणार नाही तेथे नागरिकांनी विचारले पाहिजे. सार्वजनिक न्यासांच्या नोंदी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असतात आणि रीतसर अर्ज करून त्या पाहता येतात. निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या उमेदवाराची मालमत्ता आणि शिक्षण विचारण्याचा हक्क आपण न्यायालयाकडून मिळविला. मग ज्यांच्या निर्णयावर आपल्या आईबापांचा आणि मुलाबाळांचा जीव अवलंबून आहे, त्यांचा साधा व्यवसाय विचारण्यास संकोच का वाटावा? मावळातील शिक्षकांनी, कचेऱ्यांत काम करणाऱ्यांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपल्या गावाजवळच्या एकेका धर्मादाय रुग्णालयाची ती यादी मिळवून वाचली, तरी पुष्कळ काम होईल. यादी मंडळाच्या हातून भरली जाते. ती वाचली जात आहे, हे मंडळाला कळले पाहिजे.